पास झालेल्याला कॉल साइन द्यायला एवढा वेळ का लागतो, मंत्रिमहोदय?

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री यांस,

स. न. वि. वि.

परवा माझा हॅम रेडिओ परवान्याचा, म्हणजे हौस म्हणून स्वतःच्या वायरलेस संचावरून बोलण्याच्या परवानगीचा, अर्ज परत आला. शेरा एका ओळीचा: ‘कागदपत्र अस्पष्ट आहे.’ कोणतं कागदपत्र, ते लिहिलेलं नाही. संबंधित कार्यालयाने हाच अर्ज आधी तपासून घेतला होता, फी भरून घेतली होती आणि महिनाभरात कॉल साइन, म्हणजे रेडिओवर ओळख सांगायचा सरकारी संकेत, मिळेल असं फोनवर सांगितलं होतं. त्याला आता वर्ष होत आलं. आज त्याच नंबरवर कुणी फोन उचलत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. नवशिक्यांसाठीची रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा मी पास झाले आहे. या ग्रेडला मोर्स (टिंब-रेघांची लिपी) येण्याची अट नाही, पण बाकी अभ्यास चुकत नाही. ओहमचा नियम, वातावरणाच्या वरच्या आयनांबर या थरावरून परतणाऱ्या लहरी, क्यू कोड (निरोपांचे तीन अक्षरी संकेत), नियमावली हे सगळं शाळा आणि घर सांभाळून, रात्री जागून केलं. गच्चीवर सात मेगाहर्ट्झचा डायपोल, म्हणजे दोन तारांचा अँटेना, स्वतः बांधला. दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तांब्याची तार, मधून खोलीत उतरणारी कोअ‍ॅक्स केबल. पण खाली टेबलावर आहे तो नुसता रिसीव्हर, कारण ट्रान्समीटर जवळ बाळगायलाही परवाना लागतो. संध्याकाळी लांबचे सिग्नल येऊ लागले की लांबलांबची माणसं ‘सीक्यू, सीक्यू’, म्हणजे ‘कुणी बोलणार का?’, म्हणत साद घालतात. मला उत्तर देता येत नाही. शिकलेलं सगळं माझ्याजवळ आहे आणि तोंडाला कुलूप आहे. ते तुमच्या खात्याने लावलंय.

वर्गातल्या मुलांना मी अवकाश स्थानकाचा 145.800 मेगाहर्ट्झवरचा सिग्नल ऐकवला, तेव्हा दोघी-तिघींनी लगेच विचारलं, ‘बाई, आम्हाला बोलता येईल?’ नियमाने बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं. मी कोणत्या तोंडाने त्यांना अर्ज भरायला सांगू?

अमेरिकेत पहिल्या पायरीच्या परीक्षेला 35 प्रश्न असतात, 26 बरोबर आले की पास, आणि निकाल सरकारी खात्याकडे गेला की साधारण काही दिवसांत कॉल साइन मिळते. तिथे सात लाखांवर हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाले, आहेत. एकशे चाळीस कोटींच्या देशात आपण त्या आकड्याच्या आसपासही नाही. मुलं हुशार नाहीत म्हणून का? मुळीच नाही. दाराशी आलेल्याला ताटकळत ठेवतात म्हणून.

आणि गरज पडली की मात्र सरकारला आमची आठवण होते. 2001 च्या भूजच्या भूकंपात, 2004 च्या सुनामीत अंदमानला फोन बंद पडले तेव्हा निरोप कुणी पोचवले? हॅमनीच. 2005 साली इस्रोने खास हौशी रेडिओसाठी हॅमसॅट उपग्रह सोडला. उपग्रह कक्षेत पोचतो आणि एक कागद टेबलावरून टेबलावर पोचत नाही, याची लाज कुणालाच वाटत नाही का?

दुसरीकडे विनापरवाना वॉकी-टॉकी ऑनलाइन सर्रास विकले जात होते. शेवटी 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ते विकणाऱ्या ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा पाठवाव्या लागल्या. म्हणजे ज्याने कायदा धाब्यावर बसवला, तो केव्हाच बोलू लागला. रांगेत उभी राहिले ती मी. रेशनकार्ड असो, सातबारा असो, पेन्शन असो, सगळीकडे हेच. जो परवानगी मागायला येतो त्याच्याकडे संशयाने बघायचं, त्रुटी एकदम न सांगता एकेक काढायची आणि माणूस दमून घरी बसला की फाईल बंद करायची. आम्ही भीक मागत नाही, साहेब. आमच्या पोटाला चिमटा काढून भरलेल्या कराच्या पैशावर ही कार्यालयं चालतात.

कोणतं कागदपत्र अस्पष्ट आहे ते मला लेखी कळवा. अर्जातल्या सगळ्या त्रुटी एकाच वेळी सांगणं बंधनकारक करा. परीक्षा पास झाल्यापासून किती दिवसांत कॉल साइन मिळेल ती मुदत जाहीर करा, आणि ती चुकवणाऱ्या अधिकाऱ्याकडून खुलासा मागवा. माझा अर्ज मी उद्या पुन्हा भरणार आहे. फी मात्र दुसऱ्यांदा भरणार नाही.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका