डिशमधली जनुके आणि बाटलीवरचे तारांकन: अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: ‘जनुके सक्रिय करते’ असा दावा करणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांची तपासणी

महोदय,

आपण एखाद्या औषधाच्या दुकानात शिरून सुरकुत्यांवरच्या सीरमची बाटली हातात घेऊन बघा. तारुण्याची जनुके पुन्हा कामाला लागतील, अशा अर्थाचे काहीतरी पुढच्या बाजूला ठळक छापलेले असते. त्याला एक तारांकन असते, आणि मागे भिंग लावून वाचावे लागेल अशा टायपात ‘इन व्हिट्रो चाचणीवर आधारित’, म्हणजे माणसावर नव्हे, शरीराबाहेर डिशमध्ये केलेली चाचणी. किंमत चार आकडी. मी पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे त्या तारांकनामागे काय घडलेले असते ते मला रोज दिसते. गिऱ्हाइकाला ते दिसण्याचा काही मार्ग नाही.

घडते ते असे. त्वचेच्या आतल्या थरात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात; त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजन हे प्रथिन त्याच तयार करतात. या पेशी त्वचेच्या लहानशा तुकड्यातून काढतात. बऱ्याचदा तो नवजात बाळाच्या सुंतेच्या वेळी निघालेला असतो. प्लास्टिकच्या डिशमध्ये, गुलाबी माध्यमात (पोषक द्रवात), ३७ अंशांवर त्या वाढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली लांबट, एका दिशेने ओळीत पहुडलेल्या दिसतात. त्यांच्यावर क्रीममधला एखादा घटक घालतात, दिवसभराने आरएनए काढतात आणि कोलॅजनच्या जनुकाची हालचाल घटक न घातलेल्या डिशच्या तुलनेत किती वाढली ते मोजतात. दुप्पट भरली, की जाहिरात खात्याला मजकूर मिळाला.

मोजणी खोटी नसते. पण आरएनए म्हणजे जनुकाने पाठवलेली नुसती ऑर्डर. माल तयार होऊन जागेवर पोचणे अजून बाकी असते. कोलॅजनची साखळी बनावी लागते, क जीवनसत्त्वाच्या मदतीने तिची घडी बसावी लागते, पेशीबाहेर तिचे धागे विणले जावे लागतात, आणि उन्हाने चेतवलेली विकरे (एन्झाइम) ते धागे तोडत असतात ती वेगळीच. शिवाय डिशमध्ये घटक थेट पेशीच्या अंगावर पडतो. चेहऱ्यावर मध्ये मृत पेशींचा वरचा थर असतो आणि साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) मोठे रेणू तो सहसा आत सोडत नाही. बाळाच्या पेशींनी दिलेला प्रतिसाद पंचावन्न वर्षांच्या बाईच्या पेशी देतीलच असेही नाही. डिशमध्ये माणसाच्या सामान्य पेशींची विभागणी ठरावीक वेळाच होते, हे अमेरिकी शास्त्रज्ञ लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ सालीच दाखवले होते. एकाच पेशी कितव्यांदा डिश बदलून वाढवल्या आहेत, यावरही आकडा हलतो.

या शास्त्राबद्दल माझी तक्रार नाही, उलट अभिमान आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत जवळजवळ सर्वांगाने भाजलेली दोन भावंडे त्यांच्याच पेशींपासून वाढवलेल्या त्वचेमुळे वाचली. २०२२ मध्ये केंब्रिजजवळच्या बॅब्रहॅम संस्थेत मध्यमवयीन दात्यांच्या फायब्रोब्लास्टमध्ये चार जनुके १३ दिवस चालू ठेवली, तेव्हा जनुकीय हालचालींच्या मोजमापावर त्या पेशी सुमारे ३० वर्षांनी तरुण ठरल्या. त्या संशोधकांनी क्रीम काढले नाही, कारण हीच जनुके बेताबाहेर चालली तर कर्करोगाची भीती असते.

अमेरिकेत हा प्रश्न येऊन गेला आहे. लॉरिअलच्या लँकोम ब्रँडच्या ‘जेनिफिक’ची जाहिरात जनुकांच्या हालचालीवरच बेतलेली होती. सप्टेंबर २०१२ मध्ये तिथल्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) इशारापत्र धाडले: शरीराच्या रचनेवर वा कार्यावर परिणाम करण्याचा दावा असेल, तर ते सौंदर्यप्रसाधन नव्हे, औषध ठरते. २०१४ मध्ये फसव्या जाहिरातींवर कारवाई करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत, पक्का शास्त्रीय पुरावा नसेल तर असे दावे करणार नाही, हे कंपनीने मान्य केले.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० दिशाभूल करणाऱ्या दाव्यांना मनाई करतात, आणि राज्यात उत्पादन करायचे तर परवाना आपल्याच प्रशासनाकडून घ्यावा लागतो. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांवर २०१४ मध्ये बंदी आली, हे चांगलेच झाले. पण त्यामुळे डिशमधल्या चाचणीवर भिस्त वाढली आहे, आणि ती चाचणी कोणी तपासायची हे मात्र अधांतरी राहिले आहे.

म्हणून विनंती साधी आहे. जनुकांचा दावा छापणाऱ्या राज्यातल्या प्रत्येक उत्पादकाकडून त्या तारांकनामागचा कागद मागवा. पेशी कोणाच्या, किती वयाच्या; घटक बाटलीत आहे तेवढाच वापरला की दसपट; नुसता घटक तपासला की तयार क्रीम; आणि माणसांच्या चेहऱ्यावर, औषधी घटक नसलेल्या साध्या क्रीमशी तुलना केली का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो दावा वेष्टनावरून काढायला लावा. कागद वाचायला माणसे हवीत तर राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र पुण्यातच आहे.

जाता जाता: सौंदर्य क्लिनिकांमध्ये बारीक सुया टोचून चेहऱ्यात सोडली जाणारी ‘एक्सोसोम’ द्रावणेही एकदा पाहावीत. वाढवलेल्या पेशी माध्यमात ज्या अतिसूक्ष्म पिशव्या सोडतात, त्या म्हणजे एक्सोसोम; त्यांपासून ही द्रावणे बनवतात. अशा एकाही उत्पादनाला मंजुरी नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्येच दिला होता. आपल्या निरीक्षकांनी कुपीवर निर्मात्याचे नाव आणि परवाना क्रमांक आहे का, एवढे पाहिले तरी सुरुवात होईल.

आपली,
पेशीसंवर्धन प्रयोगशाळेतील एक कर्मचारी, पुणे