गोल फिरणाऱ्यांचं गणित

प्रिय संज्या,

लेक वर्तुळावर फिरणाऱ्या वस्तूंच्या गणितात अडलीय हा तुझा मेसेज वाचला, फोनवर हे गणित सांगणं काही जमायचं नाही म्हणून सरळ पत्रच लिहितोय. लेकीला सांग, वर्तुळावर फिरणाऱ्या दोन वस्तू आल्या की फॉर्म्युल्यामागे धावायच्या आधी बघ विचारलंय काय, ते भेटतात कधी, की एकाला दुसरा कसा हलताना दिसतो. ही दोन वेगळी गणितं आहेत आणि क्लासवाले दोन्ही एकाच ओमेगा वजा ओमेगात कोंबतात (ओमेगा म्हणजे ठराविक वेळात किती कोन फिरलं ते), माझा त्यावरच राग आहे.

भेटीचं सोपंय. आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीतला कचराळी तलाव आठवतो ना, महापालिकेजवळचा? तिथल्या ट्रॅकवर धर एक पोरगा ६ मिनिटांत राउंड मारतो, एक आजोबा १० मिनिटांत, आणि दोघं गेटपासून एकदम, एकाच दिशेने सुटले. मिनिटाला पोरगा १/६ राउंड, आजोबा १/१०, वजा केलं की १/१५, म्हणजे पंधराव्या मिनिटाला पोरगा त्यांना गाठणार. इथे मुलं पटकन लसावि काढून ३० लिहितात. ३० मिनिटांनी ते पुन्हा गेटवर एकत्र येतात हे खरं, पण पहिली गाठ त्याआधीच अर्ध्या ट्रॅकवर पडलेली असते, पोराचे अडीच राउंड झालेले आणि आजोबांचे दीड. उलट दिशेने निघाले तर बेरीज कर, ४/१५, पावणेचार मिनिटांत समोरासमोर. रेडियस कुठे लागलाच नाही बघ, तलाव पूर्ण गोल नसला तरी चालतंय! घड्याळाच्या काट्यांचंही हेच, दर ७२०/११ मिनिटांनी एकावर एक.

आता दुसरं. दोघं गोल ट्रॅकवर सारख्याच स्पीडने एकामागे एक चाललेत, अंतर बदलत नाही, म्हणून रिलेटिव्ह व्हेलॉसिटी, म्हणजे एकाला दुसरा ज्या वेगाने हलताना दिसतो तो, शून्य असं लिहून मोकळं व्हायचं नाही. स्पीड सारखा, दिशा वेगळी, त्यामुळे व्हेक्टर, म्हणजे दिशेसकट वेग, वजा करायचे. प्रत्येकाचा स्पीड व्ही आणि सेंटरपाशी दोघांमधला कोन थीटा असेल तर येतं दोन व्ही साइन थीटा बाय टू, आणि व्यासाच्या दोन टोकांना असतील तर चक्क स्पीडच्या दुप्पट. मग अंतर का बदलत नाही? कारण हा वेग दोघांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात असतो, ती रेषा नुसती फिरते.

आणि सेंटर एक पण रेडियस वेगळे असले की खरी मजा. पृथ्वी सेकंदाला साधारण ३० किमी जाते, मंगळ २४. पृथ्वीला फेरीला ३६५ दिवस, मंगळाला ६८७, ओमेगा वजा केले की सरासरी ७८० दिवसांनी गाठ, इथवर ठीक. पण त्या गाठीच्या वेळी मंगळ आपल्याला कसा दिसतो? तेव्हा रिलेटिव्ह वेग भागिले मधलं अंतर, २४ वजा ३० म्हणजे उणे ६, भागिले अंदाजे ७.८ कोटी किमी, ते दिवसाच्या अंशांत मांडलं की रोज ०.३८ अंशाच्या आसपास मागे. पंचांगात मंगळ वक्री लिहितात ना, तो हाच उणे. नुसते ओमेगा वजा केले तर ०.४६ येतं, ते सूर्यावरून मोजलेला कोन किती बदलतो त्याचं उत्तर, आपल्या डोळ्याला दिसतं त्याचं नाही.

मंगळ सूर्याच्या पलीकडे असताना काय येतं ते लेकीलाच काढू दे, वेगांची बेरीज होते एवढंच सांग, आणि उत्तर मला पाठव, तपासून देतो.

तुझाच,
पक्या