ऊसतोड मजुरांच्या मूत्रपिंडाचा विचार कोण करणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की उचल, मजुरीचा दर, मुकादमाचे हिशेब यांवर बातम्या येतात. त्या यायलाच हव्यात. मी बीड जिल्ह्यात डायलिसिस तंत्रज्ञ आहे. आमच्या विभागात रोज दिसणारी एक गोष्ट मात्र त्या बातम्यांत नसते, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे डायलिसिसला येणाऱ्या एका मावशींनी कितीतरी हंगाम कोयता चालवला आहे. हातात सुई टोचताना त्या एकदा म्हणाल्या, "फडात बाईमाणसानं बसायचं कुठं? म्हणून दिवसभर पाणीच पेत नव्हते. रात्री अंग ठणकायचं. दुकानातली गोळी घ्यायची अन् पहाटे पुन्हा उभं राहायचं." त्यांना रक्तदाबही आहे, त्यामुळे डॉक्टर सगळा दोष गोळीवर टाकत नाहीत. पण तहानलेले शरीर आणि दुखण्याची गोळी हे दोन्ही एकत्र आले की मूत्रपिंडाचे काय होते, ते गावोगाव कळले पाहिजे.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो, म्हणजे मिनिटाला लिटरभर रक्त. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांच्या तोंडाशी बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता असतो. तिथे रक्ताच्या दाबाने पाणी, क्षार, युरिया गाळून निघतात. रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिने मागेच राहतात. असे दिवसाला सुमारे 180 लिटर गाळले जाते आणि त्यातले दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळे पुन्हा रक्तात घेतले जाते. पाणी कमी पडले की मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटते, मूत्रपिंड आणखी पाणी राखते आणि लघवी थोडी, गडद होते.

हे सगळे गाळणे दाबावर चालते. अंगातले पाणी घटल्यावरही तो दाब टिकावा म्हणून मूत्रपिंडातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये आत येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवतात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या हीच द्रव्ये रोखतात. त्यानेच दुखणे थांबते, आणि त्यानेच ती रक्तवाहिनी आवळते, गाळणे मंदावते. धडधाकट माणसाने एखाद्या दिवशी गोळी घेतली तर मूत्रपिंड सहसा सावरते. उन्हात, घामात, पाण्यावाचून, हंगामभर रोज घेतली तर तेवढी उसंत त्याला मिळत नाही. बरे, सुरुवातीला काही दुखतही नाही. मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकते त्या क्रिएटिनिन नावाच्या टाकाऊ द्रव्यावरून त्याचे काम तपासतात, पण निम्मे काम बंद पडेपर्यंत तेसुद्धा नॉर्मल दिसू शकते.

चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण 120 लिटर शुद्ध केलेले पाणी लागते, तरी निरोगी मूत्रपिंडाची सर येत नाही. मावशींना आता पाणी मोजून प्यावे लागते. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन तीन किलोने वाढले तर ते जवळपास तीन लिटर साचलेले पाणीच असते. ते काढताना पायात गोळे येतात, रक्तदाब एकदम उतरतो. म्हणूनच 'भरपूर पाणी प्या' हा सल्लाही मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला सरसकट देऊ नये.

डायक्लोफिनॅक चिठ्ठीशिवाय विकायचे नाही असा नियम आहे, तरी ते किराणा दुकानात सुटे मिळते. अन्न व औषध प्रशासनाने टोळ्या निघण्याआधीच ही विक्री थांबवावी. कारखान्यांनी फडावर पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी झाकलेली, हलवता येणारी शौचालये द्यावीत. आरोग्य विभागाने हंगामाआधी आणि परतल्यावर मजुरांचा रक्तदाब, लघवीतले प्रथिन आणि क्रिएटिनिन तपासावे, आणि त्याचा कागद मुकादमाकडे न देता मजुराच्याच हातात द्यावा.

आपला,
एक डायलिसिस तंत्रज्ञ, बीड जिल्हा