टांग मटणासारखी, छाती माशासारखी

वेंगुर्ले,
७ डिसेंबर

चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात तुझा फोन आला तेव्हा मी नुकताच बंदरावरून येऊन पायरीवर टेकलो होतो. इथे सकाळचे साडेसहा, तुझ्याकडे अमेरिकेत आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे सात. तू ओट्याशी उभी राहून वाटीतून दूध-कॉर्नफ्लेक्स खात होतीस. हे काय जेवण, असं मी विचारलं तर तू फ्रिज उघडून एक डबा दाखवलास. आत पांढरट, कडा वळलेले तुकडे. "टर्की केली होती बाबा, पुठ्ठा झालाय." आईने आतून ऐकलं आणि म्हणाली, टाकून दे. मी त्या वेळी काही बोललो नाही. तुझा फोन ठेवल्यावर पिशवीतली सुरमई काढून तुकड्या करायला बसलो आणि मला कळलं तुझं काय चुकलंय ते. तू ती टर्की मटणासारखी शिजवलीस.

तू म्हणालीस, पाऊण तास मंद आचेवर ठेवली होती, मऊ व्हावी म्हणून. गो बाय, सुरमईची तुकडी पाऊण तास तव्यावर ठेवलीस तर काय होईल? तू या घरात वाढलेली मुलगी, कोळंबी दोन मिनिटं जास्त शिजली तर तिचं रबर होतं हे तुला कोणी सांगावं लागलं नाही. मग एवढं मोठं पाखरू समोर आलं म्हणून घाबरलीस कशाला? टर्कीच्या छातीत चरबी जवळजवळ नाही. पाळीव टर्की उडत नाही, दिवसभर चालते. त्यामुळे तिच्या टांगेचं मांस गडद, चिवट, खूप वापरलेलं, आणि छातीचं पांढरं आणि कोवळं. टांग दीड तास शिजव, मालवणी मसाला घाल, ती तुझं नाव काढील. छाती मात्र माशाच्या जातीची. तिला आच हवी, वेळ नको.

हे सगळं मी नुसतं बसून सांगत नाही. करून पाहिलंय. कुडाळकडचे एक ओळखीचे कोंबड्यांबरोबर हौसेने चारसहा टर्की पाळतात, त्यांच्याकडून एक आणली. मास्तर टर्की घेऊन एस्टीतून उतरले ही बातमी माझ्या आधी घरी पोचली होती.

पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला. संत्र्याचा रस, गूळ, लसूण सगळं एकत्र करून त्यात तुकडे बुडवले आणि तसेच बिडाच्या तव्यावर टाकले. गूळ काय थांबतो! आतलं मांस शिजायच्या आधी बाहेर कोळसा. बिडाला आंबट लागल्यामुळे लोखंडाची चव आली ती वेगळीच. करपलं म्हणून आच कमी केली, आच कमी केली म्हणून वेळ वाढला, वेळ वाढला म्हणून वातड झालं. तुझ्या आईने एक घास घेतला, चावला, बराच वेळ चावला, आणि म्हणाली, "ह्यां काय चामडां केल्यात?" दुसऱ्या दिवशी वासासाठी ईडलिंबाची साल किसून घातली. किसताना हात जोरात चालला, सालीखालचा पांढरा गरही आला, आणि सगळा पाक कडू. साल घालायची तर वरची रंगीत तेवढीच, हलक्या हाताने. सगळा सुवास त्या रंगीत भागातल्या तेलात असतो.

तिसऱ्या दिवशी जमलं. आता नीट सांगतो, आणि तू सातला घरी येतेस हे धरून सांगतो.

आल्याबरोबर कोट काढायच्या आधी तांदूळ धुऊन कुकर लाव. उकडा लावू नकोस, त्याला वेळ लागतो, तो रविवारी. मग मांस. दुकानात तू अख्खी छाती घेऊ नकोस, पातळ कापलेले काप मिळतात ते घे, अर्धा इंचापेक्षा जाड नकोत. छातीखालची निमुळती पट्टी मिळाली तर तीही चांगली, फक्त आडवी चिरून तिचे काप कर. मांसाच्या रेषा दिसतात ना, त्यांच्या आडवी सुरी चालव. दोघांपुरतं म्हणजे ४०० ग्रॅम पुरे; तू एकटी असलीस तरी तेवढंच कर, उरलेलं उद्याच्या डब्यात. गोठवलेलं असेल तर सकाळी कामावर जाताना वरून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून जा. ओट्यावर ठेवून जाऊ नकोस.

आणि धुऊ नकोस. यावरून इथे दोन दिवस अबोला होता. आईचं म्हणणं, धुतल्याशिवाय मांस शिजवायचं म्हणजे काय. पण तुमच्या तिकडचं कृषी खातंच सांगतं की कच्ची कोंबडी-टर्की नळाखाली धरली की तिचे शिंतोडे बेसिनभर उडतात आणि जंतू पसरतात. ते मरतात ते आचेनेच. तू कागदाने टिपून कोरडी कर. ओल्या मांसाला तव्यावर रंग येत नाही, वाफ येते. बांगडा तळताना आई काय करते ते आठव, तेच.

कापांना पाऊण चमचा मीठ, मिरपूड, आणि वरून तांदळाचं पीठ अगदी भुरभुरल्यासारखं. पीठ लावल्याने खरपूस होतं आणि नंतर पाक धरून राहतो. लिंबाच्या रसात तासभर मुरवत ठेवायची सवय इथे विसर. पातळ कापांना आंबट जास्त वेळ लागलं की ते पिठूळ होतात. आंबट शेवटी.

स्टीलचा पसरट तवा चांगला तापव, दोन चमचे तेल, आणि काप एकमेकांना न चिकटता ठेव. एका बाजूने दोन-अडीच मिनिटं, हात लावायचा नाही. आपोआप सुटून येतो. उलट, दुसऱ्या बाजूने दीड मिनिट, काढून ताटलीत. आत जरा कच्चं वाटलं तरी घाबरू नकोस, ते परत तव्यात जायचंय.

आता त्याच तव्यात, तळाला जे तपकिरी चिकटलंय ते धुऊन न टाकता, दोन पाकळ्या लसूण ठेचून परत. मग दोन संत्र्यांचा रस, साधारण अर्धा कप. तिकडे या दिवसांत बेंबीवाली नेव्हल संत्री असतात, त्यांचा रस आधी काढून ठेवू नकोस, ठेवला की कडवट होत जातो; ऐन वेळी पीळ. एक मोठा चमचा किसलेला गूळ. नसला तर मध चालेल, पण मध गुळापेक्षा लवकर करपतो, आच थोडी कमी ठेव. आणि एक चमचा मोहरी. तिकडे बाटलीत मोहरीची पेस्ट मिळते ती घे. ती म्हणजे आपली फेसलेली मोहरीच, फक्त व्हिनेगर घातलेली. चिमूटभर लाल तिखट. तळाला चिकटलेलं उलथन्याने खरवडून त्यात मिसळ आणि उकळू दे. तीन-चार मिनिटांत निम्मं आटतं.

पुस्तकवाले याला ग्लेझ म्हणतात. मी पाकच म्हणतो, कारण ओळखायची खूण तीच. एकतारीपर्यंत न्यायचा नाही, त्याच्या जरा अलीकडे थांबायचं: पळीच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली तर ती मिटत नाही, तिथे. मग आच बारीक करून लोण्याचा लहान तुकडा, अर्ध्या लिंबाचा रस, किसलेली रंगीत साल, आणि ताटलीतले काप त्यांच्या सुटलेल्या रसासकट परत तव्यात. एक मिनिट उलटसुलट. झालं. चकाकी येते बघ, दिवाळीच्या शंकरपाळ्यांना येते तशी.

झालंय की नाही याची खात्री मात्र डोळ्यांवर सोडू नकोस. मासा जरा कच्चा राहिला तर चालून जातं, कोंबडी-टर्कीला चालत नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर घे, स्वस्त असतो, काप जिथे जाड आहे तिथे आडवा खुपस. ७४ अंश सेल्सियस, तुमच्या मापात १६५ फॅरनहाइट. तिथे पोचलं की लगेच उतरव, त्यापुढचं प्रत्येक मिनिट पुठ्ठ्याकडे. माझ्याकडे तापाचा थर्मामीटर होता, तो ४२ च्या पुढे जात नाही, म्हणून मी आपला कापून पाहिलं.

काप उतरवलेस की दोन मिनिटं तसेच राहू देत. तेवढ्यात कुकरचं झाकण पडलेलं असेल. फरसबी मीठ-पाण्यात चार मिनिटं उकळून बाजूला घे, त्यावर तव्यातला उरलेला पाक ओत. भात, फरसबी, टर्की. सात चाळीसला ताट.

ताट म्हणालो, वाटी नाही. रत्नागिरीच्या शाळेत एकटा होतो तेव्हा तीन वर्षं मी रोज रात्री पिठलं-भात करून पातेल्यातूनच खायचो, भांडं घासायचा कंटाळा म्हणून. तुझी आई एकदा न सांगता आली आणि तिने ते पाहिलं. बोलली काही नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन एक ताट, दोन वाट्या आणि तांब्या आणून ठेवून गेली. ते ताट अजून आपल्या मांडणीत आहे, काठ चेपलेलं.

आता मास्तरकी थोडी, नाहीतर पत्र माझं वाटणार नाही. तू ज्या मिनेसोटात राहतेस तिथे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त टर्की पाळल्या जातात, म्हणजे बंदरावर राहून ताजा मासा खात नाही अशातली तुझी गत. मूळ हे पाखरू मेक्सिकोतलं. इंग्रजांना वाटलं तुर्कस्तानातून आलं, म्हणून टर्की. तुर्क त्याला म्हणतात 'हिंदी', म्हणजे आपल्याकडचं! आणि पोर्तुगीज म्हणतात 'पेरू'. परसातल्या पेरूखाली उभं राहून मी हे तुझ्या आईला सांगितलं, तिने पाटीतली धुणी माझ्या हातात दिली. पण यातली खरी गंमत पुढे आहे. १६१२ साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून काही अजब प्राणी घेऊन दरबारात गेला, त्यात टर्की होती. बादशहा इतका चकित झाला की त्याने आपल्या आठवणींत तिच्या मानेचे रंग कसे पालटतात, कधी पोवळ्यासारखे लाल, कधी कापसासारखे पांढरे, कधी फिरोजी, ते लिहून ठेवलं, आणि उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. म्हणजे ही तुझी परदेशी टर्की चारशे वर्षांपूर्वी आपल्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर उतरली होती. आणि संत्रं तर उलट गेलेलं: आपला 'नारंग' फारसी-अरबीतून फिरत स्पेनला पोचला तिथे 'नारांहा' झाला, आणि पुढे इंग्रजांचं ऑरेंज. दोघांची गाठ तुझ्या तव्यावर पडते.

उरलेले काप फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतात. गरम करताना चमचाभर पाणी शिंपडून, झाकून, मंद आचेवर. नुसत्या तव्यावर टाकलेस तर परत तेच. मला थंडच आवडले, भाकरीत गुंडाळून, कांदा घालून. आईने पण खाल्ले. बरे झालेत म्हणाली नाही, पण दुसरा काप मागितला.

शनिवारी करून बघ, पहिल्यांदा घाई नसलेल्या दिवशी. मग फोन कर, आम्ही साडेसहाला उठलेलेच असतो. तिथे साडेचारलाच अंधार पडतो म्हणतेस, स्वयंपाकघरातला दिवा मोठा लाव.

तुझा,
बाबा

ता. क. आई विचारते, पाठवलेल्या आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली उघडलीस का. संत्री नसतील त्या दिवशी अर्धा कप पाणी, दोन चमचे आगळ आणि दीड चमचा गूळ घे, मोहरी वगळ, लसूण वाढव. मी करून पाहिलंय, रंग सुरेख येतो. फक्त आगळात मीठ असतं, तेव्हा मांसाला मीठ हात राखून लाव.