कोहिमाहून, आई-बाबांना

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आईने विचारलं, "कोहिमा कसं आहे?" मी "छान आहे" म्हणून विषय बदलला. वॉर सिमेट्रीतून नुकतीच बाहेर पडले होते, बोलले असते तर रडूच आलं असतं. म्हणून लिहितेय.

दुसऱ्या महायुद्धात इथल्या लढाईत पडलेल्या सैनिकांची ही दफनभूमी गॅरिसन हिलच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाते. मध्येच एक टेनिस कोर्ट आहे. १९४४ साली इथे डेप्युटी कमिशनरचा बंगला होता, त्याच्या आवारातलं हे कोर्ट. बंगला लढाईत जमीनदोस्त झाला. कोर्टाच्या रेघा मात्र पांढऱ्या काँक्रीटने जपून ठेवल्यात. एप्रिल-मेमध्ये कितीतरी दिवस एका बाजूला जपानी आणि दुसऱ्या बाजूला ब्रिटिश-भारतीय सैनिक खंदकांत बसून होते. बाबा, मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिलं. तीस-पस्तीस पावलं! एवढ्या अंतरावरून हातबॉम्ब फेकायचे. रात्री समोरच्याचं खोकणंसुद्धा ऐकू येत असणार.

कबरी १,४२० आहेत. प्रत्येकीवर दगडी बैठक आणि तिच्यावर ब्राँझची छोटी पाटी: नाव, पलटण, तारीख, वय. वयं वाचत गेले आणि पाय जड झाले. किती जण विशी-बाविशीतले! काही पाट्यांवर खाली आणखी एक ओळ आहे, ती घरच्यांनी निवडलेली. मोजक्या अक्षरांत बसवायची. आई, ती ओळ लिहायला कुणी बसलं असेल, कितीदा खोडलं असेल, हेच मनात येत राहिलं. त्यातल्या कितीतरी आयांना ही पाटी कधी डोळ्यांनी दिसलीही नसेल. प्रवेशाजवळच्या स्मारकावर 'तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला' अशा अर्थाच्या प्रसिद्ध ओळी आहेत. सगळे तिथे फोटो काढतात, मीही काढला. पण मी थांबले ती या छोट्या ओळींपाशी.

सगळ्यात वरच्या टप्प्यावर दहन झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं स्मारक आहे. तिथे नुसती नावं. घरून आलेली ओळ नाही. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट पाहत होतंच ना? मी नावं हळू आवाजात वाचायला लागले. सगळी वाचून झाली नाहीत. पाऊस आला, आणि खरं सांगायचं तर घसाही दाटून आला होता.

उतरताना चेरीचं झाड दिसलं. जपानी नेमबाज त्यात लपून बसत. मूळ झाड लढाईत गेलं, त्याच्याच बुंध्याला फुटलेल्या धुमाऱ्यापासून हे वाढलं, असं पाटीवर लिहिलंय.

परवा सकाळी इथून निघून दिमापूरला उतरेन. आई, "पोचलीस का?" म्हणून तू दहादा फोन करतेस आणि मी चिडते. या वेळी कर. पहिल्या रिंगला उचलीन.

तुमची,
मनू