आधी झऱ्याचे पाणी, मग घाट

प्रति,
मा. मुजराई (धर्मादाय) मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळूरु

विषय : कणकुंबी येथील मलप्रभेचे उगमतीर्थ

महोदय, सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यात कणकुंबीला माउली मंदिराजवळ मलप्रभा उगम पावते. हेच पाणी पुढे सौंदत्तीच्या रेणुकासागरात साठते, हुबळी-धारवाड पिते आणि शेवटी कुडलसंगमला कृष्णेत मिळते. दर 12 वर्षांनी माउलीची मोठी यात्रा भरते. तीर्थक्षेत्राला निधी मिळाला की आधी कमान, मग घाट, मग पेव्हर ब्लॉक, हा क्रम जणू ठरलेलाच असतो. कणकुंबीत तो उलटा धरावा, एवढ्यासाठी हे पत्र.

इथला जांभा दगड सच्छिद्र. पावसाचे पाणी त्यात मुरते, खालच्या चिकणमातीला अडते आणि उतारावर तो थर जिथे उघडा पडतो तिथे झरा फुटतो. म्हणजे झरा जपायचा तर कुंडाच्या वरचा उतार जपायला हवा. तिथे फरशी घातली की पाणी मुरायच्या आत ओढ्याला लागते आणि मे महिन्यात गोमुखाची धार करंगळीएवढी होते.

कुंडाच्या तळाला काँक्रीट तर नकोच. झऱ्याचे डोळे बुजतात, अडलेले पाणी भिंतीमागे साचते, भिंत फुगते, पायऱ्या सुटतात. भिंतीच्या खालच्या दगडी थरांच्या दरजाही सिमेंटने भरू नयेत. गाळ मे महिन्यात फावड्या-घमेल्यानेच काढावा. जेसीबीच्या दातांनी चिकणमातीचा थर फुटला, तर पाणी खाली उतरून दुसरीकडे वाट काढते आणि ते परत आणता येत नाही.

गोमुखाचे पाणी फक्त पिण्याला आणि अभिषेकाला असावे. स्नानाचे कुंड त्याच्या खाली, तेही साबणाविना. तिथून पाणी निवळटाकीत घेऊन पाटाने बागेला द्यावे. यात्रेत ब्लीचिंग पावडर कुंडात ओततात, त्याने मासे मरतात. ती पिण्याच्या साठवण टाकीतच, 1000 लिटरला सुमारे 2.5 ग्रॅम घालावी आणि अर्धा तास थांबावे. शौचालयांचे शोषखड्डे उताराच्या खालच्या अंगाला, झऱ्यापासून निदान 30 मीटर लांब हवेत. जांभ्यात मैलापाणी फार लवकर झिरपते.

बागेत लॉन नको. झरा रोडावतो नेमके तेव्हाच लॉनला रोज पाणी लागते. वरच्या उतारावर जांभूळ, करंज, सुरंगी लावावी. कुंडाभोवती बकुळ, सोनचाफा, जास्वंद, अबोली, दुर्वा असू द्याव्यात. देवीच्या पूजेची फुले तिथेच मिळतील. उंबर-पिंपळ मात्र भिंतीपासून दूर, नाहीतर मुळ्या दगड उचकटतात. अकेशिया आणि निलगिरी अजिबात नको.

काम काढण्याआधी एक वर्ष धार मोजावी. दर पंधरा दिवसांनी 15 लिटरची बादली गोमुखाखाली धरायची आणि भरायला किती सेकंद लागले ते टिपायचे. 30 सेकंदांत भरली तर मिनिटाला 30 लिटर. हे आकडे मंदिरासमोर कन्नड आणि मराठीत फलकावर लावावेत. ठेकेदाराचे शेवटचे बिल पुढच्या मे महिन्यातली धार मोजल्यावरच द्यावे.

आपले,
मलप्रभा उगमाचे भाविक, खानापूर तालुका