कुरसुरा पाणबुडी भेट : सभासदांसाठी स्मरणसूचना

येत्या रविवारी सकाळी विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवरील आयएनएस कुरसुरा पाहण्यास जायचे असल्याचे सर्व सभासदांना पुन्हा कळविण्यात येत आहे. 1971 च्या युद्धात गस्त घातलेली आणि 2001 साली निवृत्त झालेली ही 91 मीटर लांबीची सोव्हिएत बनावटीची पाणबुडी किनाऱ्यावर ओढून आणून 2002 मध्ये संग्रहालय म्हणून खुली करण्यात आली.

आपला विषय जतनाचा असल्याने खालच्या भागातील गंज, रंगाचे थर आणि पर्यटकांच्या ये-जा करण्यासाठी पोलादी कवच कापून केलेली दारे यांकडे विशेष लक्ष द्यावे. शिकागोतील जर्मन यू-505 ही पाणबुडी 1954 पासून सुमारे पन्नास वर्षे उघड्यावर राहिल्यानंतर अखेर छताखाली हलवावी लागली; कुरसुरा तर खाऱ्या वाऱ्यातच उभी आहे, हे ध्यानात ठेवून टिपणे काढावीत.

आतील कप्प्यांमधील गोल दारांतून वाकून, पाय उचलून जावे लागते. गुडघेदुखी असलेल्यांनी स्वतःच विचार करावा. मोठ्या पिशव्या आणू नयेत. आपली नावे शुक्रवारपर्यंत चिटणीसांकडे नोंदवावीत.

– चिटणीस